ढगात गेलेली माणसं

आमच्या मानोऱ्याच्या फोटो स्टुडिओत किस्से जमतात ते फाईलमधल्या लेअरसारखे. एकावर एक चढत जातात, आणि वरचा बंद केला की खालचा आपोआप दिसायला लागतो. मी इथे एडिटिंग करतो. म्हणजे मालक शांतिभाऊ मागे उभे राहून सांगतात आणि मी गोंधळतो!

ग्रेडियंट मास्क भाऊ मोबाईलवर बघून शिकले. "सोप्पं हाय! काळं ओढलं की माणूस हळूहळू जाते, पांढरं ओढलं की येते!" मग लग्नाच्या एका फोटोवर आम्ही तीन ग्रेडियंट ओढले. नवरदेव विचारतो, "माहा मामा अर्धाच काहून?"

मी मामाला आणायला गेलो, तर नवरी गेली. नवरी आणली, तर मंडप गेला. शेवटी भाऊच नवरदेवाला म्हणाले, "राहू दे अर्धा. तसाबी मामा जेवणापुरताच आल्ता ना!"

*

एक बाई मुलीचा बायोडाटासाठीचा फोटो घेऊन आल्या. "जरा उजळ करा." मी डावीकडून ग्रेडियंट ओढला. अर्धा चेहरा उजळला, अर्धा होता तसाच. दुसरा मास्क लावला तर नुसती बाजू बदलली! का, ते मला अजून कळलेलं नाही.

सोबत आलेली मुलगी वैतागली. "ओळखू येऊ द्या मले! नाही त पाव्हणे दुसरीलेच पसंत करून जातीन!"

*

अनसिंगच्या एका होतकरू पुढाऱ्याचा वाढदिवसाचा बॅनर होता. भाऊंना नवी हौस: कमरेखाली पांढरा ग्रेडियंट, मागेपुढे ढग. 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' ढगांच्या लेअरखाली गेल्या, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

बॅनर लागला त्याच दिवशी पुढारी धावत दुकानात. "मी जिता हाय! लोकं घरी येऊन रडून राह्यले!" मग खुर्चीत बसून पाणी प्याले, जरा थंड झाले. "बरं, संध्याकाळपर्यंत राहू द्या. सासरा पयल्यांदाच माह्याबद्दल चांगलं बोलून राह्यला."

तेव्हापासून भाऊंचा नियम: ढग फक्त गेलेल्या माणसाला.

*

जवळच्या तांड्यावरून एक आजी आल्या, सोबत तरुण नातू. या मुलाचा बाप, म्हणजे आजींचा लेक, ऊसतोडीला गेला तो परत आलाच नाही. शोधून शोधून घरचे थकले, वर्षं लोटली. मुलाला आता फोटो भिंतीवर लावायचा होता. फोटो एकच, छातीपर्यंतचा.

मी नियमाप्रमाणे खालून पांढरा ग्रेडियंट ओढला, मागे ढग. त्या दिवशी सगळे मास्क पहिल्यांदाच माझं ऐकत होते. मी खूश होतो.

आजी स्क्रीनजवळ आल्या. फोटोत छाती विरत गेली होती तिथे बोट ठेवलं. "याच्या खाली काय हाय?"

"काही नाही, आजी. पुसट केलं."

"कायले?"

मी मुलाकडे पाहिलं. मुलगा खाली बघत होता.

"पाय दे त्याले," आजी म्हणाल्या. "रस्त्यात असंन तो. बिनपायाचा घरी येईन कसा?"

मी ढग बंद केले, मास्क बंद केले. खाली मूळ फोटो, छातीपर्यंतच. पाय आणायचे कुठून?

मुलानं चपला काढल्या आणि पांढऱ्या पडद्यासमोर जाऊन उभा राहिला. "माहे पाय घ्या, भाऊ."

मी कॅमेरा उचलला. आजींनी हात आडवा केला.

"चपला घाल रे," त्या मुलाला म्हणाल्या. "लय लांबून चालत यायचं हाय त्याले."