वायरवाल्या बाईंचा धर्मादा

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि माझ्या दुकानात येऊन माझ्याकडे ढुंकूनही न बघणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. बेगम बाजारात आमचं मिरचीचं ठोक दुकान आहे. ही बाई आली ती माझ्या गादीवरून सरळ मागं गेली. तिथं बाया मिरच्यांचे देठ खुडत बसतात. त्यांच्यात एका पोत्यावर मांडी घालून बसली आणि पहिलंच वाक्य बोलली, "अम्मा, कपडे वाळत घालताना मध्येच हात खाली घ्यावे लागतात का?"

नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही. मिरचीच्या खकाण्यानं शिंकत होती, डोळे गळत होते, पण विचारणं चालूच. कणीक मळताना थांबता का? पाण्याची बादली उचलली की जबडा दुखतो का? बाया पदर तोंडाला लावून हसल्या. "एम लेदु, अम्मा," म्हणाल्या. म्हणजे काही नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बघा काका, आपल्या हैदराबादेत 'काही नाही' हे एका दुखण्याचं नाव आहे."

ती डॉक्टरीण होती. पन्नाशीची, केस पांढरे, रंग लावलेला नाही. जन्म इथलाच, म्हणून मराठी बोलता बोलता 'नक्को' आणि 'हौ' सहज येऊन जायचं. खांद्यावरच्या पिशवीतून मशीनच्या वायरी लोंबत असायच्या. आमच्या हमालांनी तिचं नाव वायरवाली पाडलं आणि सबंध बाजारात तेच चाललं. मी तोंडावर डॉक्टरीणबाई म्हणायचो. मनात वायरवालीच.

तिचं काम होतं धर्मादा मागण्याचं. आमच्या बाजारात पोतं विकलं की त्यातलं थोडंसं बाजूला निघतं. तो धर्मादा. तो दुकानदाराचा नाही. सगळी लाइन, म्हणजे आमच्या रांगेतले दुकानदार, बसून ठरवते कुठं द्यायचा ते. गोशाळा, पाणपोई, अन्नदान.

"काका, यंदा तुमच्या लाइनीचा धर्मादा आम्हाला द्या."

"आम्हाला म्हणजे?"

"बायकांच्या काळजाला."

मग तिनं समजावून सांगितलं. बायकांच्या हृदयाचं दुखणं बापयांपेक्षा निराळं असतं का, हे चार देशांत मिळून शोधणं चाललंय. त्यातली तपासणीची एक खोली हैदराबादेत, ती हिची. पैसा बाहेरून येतो. पण बाहेरचे म्हणतात, पुढच्या पैशासाठी तुमच्या शहरानंही थोडा वाटा टाका. नाहीतर आम्ही समजू की तुमच्या शहराला याची गरजच नाही.

मी म्हणालो, "धर्मादा गाईंना जातो."

"गाय आजारी पडली की तुम्ही डॉक्टर बोलावता. ती 'काही नाही' म्हणत नाही ना, म्हणून."

"अहो बाई, दिलाचा झटका बापयांना येतो. या लाइनीत किती सेठ गेले, सगळे झटक्यानं."

"आणि सेठाण्या कशानं गेल्या?"

मी आठवून बघितलं. झोपेतच गेली, पुण्यवान होती. बीपी वाढलं. गॅस डोक्यात चढला. झटका कोणीच म्हटलं नव्हतं. पण नाही म्हटलं होतं ते नाहीच. मी चौथी शिकलेला माणूस, मला घडीघडी मत बदलणं परवडत नाही.

संध्याकाळी काचीगुड्याला घरी आलो तर ती माझ्या स्वयंपाकघरात! हमालांकडून पत्ता काढला होता. फरशीवर बसून पिठलं-भाकरी खात होती, आणि शेजारी आमची मंडळी, सुमन, तीही जेवत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्याआधी जेवलेली मी तिला पाहिली नव्हती. वायरवालीची ही रीतच होती. कोणाच्याही घरी ती जेवायची, पण घरची बाई ताट घेऊन बसल्याशिवाय घास उचलायची नाही. म्हणायची, "उभी असलेली बाई खरं बोलत नाही. तिचं लक्ष गॅसवर असतं."

सुमननं मान खाली घालून सांगितलं, "मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. गच्चीवर कपडे घालताना मला भिंत धरावी लागते."

मी उडालोच. कारण त्या आधीच्याच उन्हाळ्यात तिची छाती भरून आली म्हणून मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. नळ्यांचा फोटो काढला, रिपोर्ट एकदम साफ. मी गल्लीभर आणि लाइनभर पेढे वाटले होते. डॉक्टरच साफ म्हणतो तर माणूस पेढे नाही वाटणार तर काय करणार? पण पेढे वाटल्यावर सुमननं दुखतंय असं म्हणायचं तरी कसं?

"मग सांगितलं का नाहीस?"

"अहो, लोकांनी पेढे खाल्ले होते."

वायरवाली बोटं चाटत म्हणाली, "रिपोर्ट खरा आहे काका, पेढेही खरे. फोटोत मोठ्या नळ्या दिसतात. बारीक नळ्या आवळत असतील तर त्यात दिसत नाहीत. बायकांचं बऱ्याचदा तिथंच दुखतं. आम्ही शोधतोय ते तेच."

सुमनच्या छातीला वायरी लावून कमरेला ठोके टिपणारी डबी बांधली. एक दिवस काढायची नाही. नेमकं दुसऱ्या दिवशी सिकंदराबादेत पुतणीचं लग्न. मी म्हणालो, शुभकार्यात हे नको. सुमननं ऐकलं नाही. शालूच्या आतून एक वायर मानेजवळ डोकावत होती. विहीणबाईंनी विचारलं, "हे काय हो, नवीन दागिना?" सुमन म्हणाली, "हौ, फॉरेनचा आहे." मी पंगतीत मान वर केली नाही.

पुढं तिच्या खोलीत आणखी तपासण्या झाल्या, आणि निघालं ते बारीक नळ्यांचंच. गोळ्या सुरू झाल्या. वायरवाली महिन्या-महिन्याला त्या कमी-जास्त करायची. सुमन हळूहळू गच्चीवर जायला लागली. पण माझ्या छातीत जे बसलं ते उठेना. कुकरची शिट्टी वाजली आणि गॅस बंद झाला नाही की मी स्वयंपाकघरात धावायचो. दुकानातून फोन करायचो. एकदा तिनं उचलला नाही. मी गादीवरून तसाच उठलो, रिक्षा धरली. अफजलगंज, कोठी, सगळीकडे गाड्या अडकलेल्या. मी रिक्षावाल्यावर ओरडत होतो आणि तो म्हणत होता, "उडको जाऊं क्या चचा?" घरी पोचलो तर ही शेजारणीकडे चिंचा फोडत बसलेली. मला दारात घामाघूम बघून म्हणाली, "अजून मेले नाही. चहा टाकू?"

वायरवालीला हे सांगितलं तर हसली नाही. म्हणाली, "काका, माझी खोली बंद पडली तर तुमची भीती खरी होईल. दुसरा डॉक्टर जुना रिपोर्ट बघणार, साफ म्हणणार, गॅसची गोळी देणार. दसऱ्यापर्यंत शहराचा वाटा दाखवायचाय. मी एकटी कुठंकुठं फिरू?"

तिच्याजवळ आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे बाहेरच्यांशी भांडण. तिकडून जे प्रश्न यायचे ते तिला पटायचे नाहीत. बागेत माती खणताना धाप लागते का? सायकल चालवताना? ती फोनवर इंग्रजीत भांडायची आणि मग सुमनला मराठीत सांगायची, "त्यांच्या प्रश्नांना आपल्या बायका सगळ्या पास होतात हो. ना बाग, ना सायकल. मी म्हटलं, कणीक घाला, बादली घाला, दोरीवरचे कपडे घाला. आधी हसले. मग घातलं." हे सांगताना तिचा चेहरा शाळेत पहिल्या आलेल्या पोरीसारखा व्हायचा.

दसऱ्याआधी लाइनीची बैठक बसली. वायरवालीला बोलायला दिलं, पण अर्धे सेठ मोबाइलमध्ये. शेवटी मी उभा राहिलो. घरच्या बाईच्या छातीची गोष्ट बाजारात काढायची म्हणजे काय ते आमच्या वयाच्या माणसालाच कळेल. मी म्हणालो, धर्मादा यांना द्या. समोरचा हळदवाला मोहनलाल लगेच बोलला, "कायकू काका? तुम तो पेढे बांटे थे ना? दिल एकदम साफ है बोले थे."

सगळे हसले. माझे कान तापले.

"हौ, बांटे थे," मी म्हणालो. "बडी नलियां साफ हैं. छोटियां तंग हैं. मेरी औरत कपडे सुखाते सुखाते दीवार पकडको खडी होती. मेरेकू मालूम नहीं था. तेरेकू मालूम है क्या, तेरे घर में कौन दीवार पकडता?"

मोहनलाल आपली अंगठी फिरवायला लागला. मग म्हणाला, "हमारी अम्मा नींद में गई थी. पुण्यवान थी बोले थे सब." आणि त्यानंच पहिला हात वर केला.

धर्मादा गेला. बाहेरच्यांनी पुढचा पैसा मंजूर केला. वर्षभर बरं चाललं. पण धास्ती कमी झाली नाही, कारण दुसऱ्याच्या खिशावर चाललेलं काम म्हणजे उधारीचं ऊन. पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी वायरवाली एका रविवारी घरी आली. पिशवीतून वायरी लोंबत नव्हत्या. त्यावरूनच सुमन समजली.

बाहेरच्यांनी हात आखडता घेतला होता. का, ते तिलाही कोणी धड सांगितलं नव्हतं. तिची नोकरी संपली. समुद्रापलीकडच्या एका खोलीत तिला जागा मिळत होती, तिथं हेच काम. इथली खोली कशीबशी चालवायला एक तेलुगू डॉक्टरीण तयार होती, पण पगार कुठून?

"काका, बाजाराचा धर्मादा थोडा उरलाय. तो परत द्यायला आलेय. ज्यासाठी घेतला ते आता राहिलं नाही."

मी म्हणालो, "धर्मादा परत येत नसतो. पोत्यातून निघाला की तो दुकानाचा राहत नाही. तो घरात घेतला तर घर बुडतं. त्यात खोली चालवा."

"संक्रांतीपर्यंत पुरेल. काम पुरं व्हायला अजून दोन पावसाळे लागतील. मध्येच खोली बंद पडली तर आपल्या बायकांचं सगळं यातून वगळणार. मग पुढची औषधं तिकडच्या बायकांच्या मापानं निघतील आणि आपल्यांना ढगळ बसतील."

"मग तुम्ही कशाला चाललात?"

"तिथं बसून भांडायला. इथून केलेला फोन ते उचलत नाहीत."

सुमन उठली. तांदूळ, नारळ, खण आणला. वायरवाली कुंकू लावत नसे. का, ते आम्ही कधी विचारलं नाही. "मला नक्को ताई, मला चालत नाही," ती मागं सरकली. सुमन म्हणाली, "मला चालतं," आणि तिची ओटी भरली. तेव्हा मात्र ती बाई रडली. सबंध बाजाराला उत्तर देणारी बाई, पदरात नारळ धरून लहान पोरीसारखी रडली.

जिन्यात मला म्हणाली, "काका, ताईंना 'कशी आहेस' असं विचारत जाऊ नका. काम सांगून विचारा." मग खाली गेली. मी गच्चीवरून बघत होतो. रिक्षा मिळेपर्यंत ती कोपऱ्यावरच्या फुलवालीशी बोलत उभी होती. काय विचारत असेल ते मला ऐकायला आलं नाही, पण कळलं.

त्या रात्री सुमन जेवताना म्हणाली, "संक्रांतीनंतर माझ्या गोळ्या कोण बघणार हो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. सुकामेव्याच्या गल्लीत गेलो. त्यांचा धर्मादा आमच्यापेक्षा मोठा. जन्मभर त्या गल्लीत मी कोणाकडे पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. पहिल्याच दुकानातला मालक मला ओळखत होता. घाईनं गादी झटकून म्हणाला, "बसा की काका, चहा सांगतो."

मी म्हणालो, "मागायला आलोय. उभ्यानंच बोलतो."