भूपालदादांनी शिराळ्याला पोचवलेला कॉम्प्युटर

भूपालदादांना मी एकदा सर्वांसमोर चोर म्हटलं होतं.

काल ते गेले. तो शब्द परत घ्यायचा राहिला.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही चार-पाच जण दर रविवारी माधवनगरच्या एका रिकाम्या गोदामात जमायचो. ऑफिसांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर दुरुस्त करून गरजूंना द्यायचे, एवढंच काम.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते. नियम माझे होते. दोष शिल्लक असलेलं एकही मशीन बाहेर जाणार नाही, हा पहिला.

भूपालदादा रेडिओ दुरुस्त करायचे. शिक्षण सातवी. त्यांचं सोल्डरिंग मला गबाळं वाटायचं, आणि ते मी लपवलंही नाही.

शिराळ्याच्या सुमनताई लोकांचे अर्ज टाइप करून दोन मुलींना सांभाळत. भाड्याचा टाइपरायटर मालकानं परत नेला, तेव्हा त्यांनी आमच्याकडे कॉम्प्युटर मागितला.

मशीन तयार होतं, जोडीला जुना प्रिंटरही. फक्त आतली छोटी बॅटरी संपलेली. बंद केलं की तारीख थेट १ जानेवारी १९८० वर जायची. नवी बॅटरी पुण्याहून यायची होती.

मी मशीन अडवलं.

"आवं मॅडम," दादा म्हणाले, "तारीखच चुकतीय न्हवं? बाईच्या घरात कॅलेंडर हाय."

"गरिबाला द्यायचं म्हणून मोडकं चालतं, असं मी मानत नाही."

"मोडकं कुठं हाय? जरा इसरभोळं हाय. माझ्यागत."

सगळे हसले. मी हसले नाही.

तीन रविवार गेले. बॅटरी आली नाही, आणि सुमनताईंचं काम बंदच होतं.

चौथ्या रविवारी मशीन जागेवर नव्हतं.

"मी पोच केलं शिराळ्याला," दादा स्वतःच म्हणाले. "एसटीनं. मॉनिटर मांडीवर घिऊन."

"न विचारता नेलंत. याला चोरी म्हणतात."

त्यांनी हातातलं सोल्डरिंग आयर्न पुसून स्टँडवर ठेवलं. चपला घातल्या.

"बॅटरी आली की तेवढी धाडा त्यास्नी."

ते पुन्हा कधी आले नाहीत.

बॅटरी पुढच्याच आठवड्यात आली. मी पाठवली नाही. माझ्या परवानगीशिवाय गेलेल्या मशीनची जबाबदारी माझी नाही, असं मी स्वतःला पटवलं.

काल दादांच्या दारात सुमनताई भेटल्या. त्यांनीच मला ओळखलं.

"सात वर्सं चालला तुमचा कॉम्प्युटर. रोज सकाळी तारीख घालाय लागायची. दादांनी शिकवलं हुतं. थोरली तारीख घालूनच शाळंला जायची."

"त्रास झाला असेल."

"तरास कसला वो? आपल्यालाबी उठल्यावर कुणालातरी वार इचारावाच लागतोय की."

मग माझा हात धरून म्हणाल्या, "दादा म्हणले हुते, मॅडमनी दिलाय. त्यांचं नाव इसरू नगा."

खरं काय ते मी त्यांना तिथे सांगितलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

तो कॉम्प्युटर मी दिला नव्हता. तो भूपालदादांनी दिला.

दादा, तो शब्द मी परत घेते. ऐकायला तुम्ही नाही आहात, हे ठाऊक असूनही.

तुम्हाला माझा अखेरचा नमस्कार.