येडशीच्या रानात अडकलेली शर्यत

एक वेळ सोडली तर माझ्या चुलत सासऱ्यांना एका जागी पाव तास बसलेलं येरमाळ्यात कुणीही पाहिलेलं नाही. जेवताना भात वाढायच्या आत ते एकदा उठून गल्लीत कोण बोलतंय ते बघून येत. दाढीला बसले की अर्ध्यात त्यांना काहीतरी आठवे, आणि उरलेली अर्धी न्हाव्याला त्यांच्यामागे हिंडून करावी लागे. लग्नात अंतरपाट धरायला त्यांना कुणी बोलावत नसे. दूध तापत ठेवलं की तीनतीनदा चुलीपाशी येऊन विचारत, "आलं का वर?" काकू शांतपणे सांगायच्या, "तुमी भाईर जावा, म्हंजी येतंय."

असल्या माणसाने निजामाच्या राज्यात, मी नवी सून असताना, बॅटरीवर चालणारा रेडिओ घरात आणला. गावातला तो पहिलाच. बॅटरी उतरली की गाडीत घालून बार्शीला न्यायची आणि भरून आणायची, यात चार दिवस जात. त्या चार दिवसांत काका मुक्या रेडिओची बटणं फिरवून बघत, न जाणो मधेच बोलला तर. त्याच सुमाराला हैदराबाद शहरात धावण्याची मोठी शर्यत ठरली, सव्वीस मैलांची, आणि तिचं वर्णन रेडिओवर होणार होतं. त्यात आमच्या गावचा मारुती पळणार होता. तो तिकडे पलटणीत होता आणि दोन वर्षं घरी आला नव्हता. त्याची आई कोंडाबाई इथे एकटी मेंढरं राखायची. शर्यतीच्या दिवशी मेंढरं शेजारणीकडे सोपवून ती भल्या पहाटे आमच्या ओसरीच्या कडेला येऊन बसली. तिच्यामागे निम्मं गाव आलं.

वर्णन उर्दूत. ते काका उभ्या उभ्या मराठीत सांगणार होते. पण हैदराबादचे रस्ते कुणी पाहिले होते? काकांनी तोड काढली. सव्वीस मैल म्हणजे जवळजवळ धाराशिव ते येरमाळा. त्यांनी ती शर्यत हैदराबादेतून उचलली आणि आमच्या सडकेवर आणून ठेवली. ओसरीवर येरझाऱ्या घालत ते सांगू लागले, "निघाले धाराशिवहून. मारुतीचं नाव घेतलं बघा, धाव्वा-बारावा हाय. आता वढ्यात उतरले."

"वढ्याचं पाणी पिऊ नगं म्हणावं," एक म्हातारे म्हणाले. "पोटात गोळा येतो."

"त्याला हितनं ऐकू जातंय व्हय, आबा?"

"मंग तुमी तरी कुणासाठी वरडायलाव सकाळधरनं?"

शर्यत निम्म्या वाटेवर, येडशीच्या रानाला आली तेव्हा काकांच्या चकरा दुप्पट झाल्या. रेडिओत गलका उठला. काकांना वाक्य पुरं होईपर्यंत कुठला धीर, ते बोलून मोकळे झाले, "एक गडी पडला." आणि नाव यायच्या आत रेडिओ खरखरला, बारीक झाला, बंद पडला.

कोंडाबाई उठून उभी राहिली. "कोण पडलं, मालक?"

काकांनी बटणं पिळली, पेटीला दोन चापट्या मारल्या. बॅटरी का संपली ते मला ठाऊक होतं. ऐन वेळी दगा देऊ नये म्हणून आठवडाभर ते तासातासाला रेडिओ लावून तपासत होते. मी तसं सांगितलं. नव्या सुनेने चारचौघांत सांगू नये, पण सांगितलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, कोंडाबाईकडे पाहिलं आणि खुंटीवरचा फेटा काढला. "येडशीला जंगलखात्याच्या साहेबाकडं रेडिओ हाय," म्हणाले, आणि सायकल काढून निघाले. बारा-तेरा मैल, तेही खडीच्या सडकेने.

गाव उठलं नाही. ओसरीवर आता काकांची शर्यत सुरू झाली. "मळ्यापाशी गेले असतील." "मळ्यात कोणीतरी भेटलं असंल, बोलत हुबारले असतील." "न्हाय, आज न्हाय हुबारायचे." कोंडाबाईने माझ्याकडून तांब्या मागून घेतला, भरला आणि गावाबाहेर सडकेच्या कडेला जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, "मावशी, त्याला तिथं पाणी देतील." ती म्हणाली, "देतील की. पर म्या घरात बसून काय करू?" ऊन चढलं तशी मी तिला भाकरी नेऊन दिली. तिने ती पदरात बांधून ठेवली.

दिवस कलताना काका दिसले. सायकल पंक्चर झालेली, ती ढकलत, धोतर खोचून ते चक्क पळत येत होते. फेटा दांडीला गुंडाळलेला. धाप लागलेली. "आला," एवढं म्हणाले, मग दम घेऊन, "चौदावा. दुपारच्या बातम्यांत समदी नावं सांगितली. पडला तो दुसराच."

कोंडाबाई पुढे झाली. तांब्या पुढे केला. "बसा, मालक. बसून प्या."

आणि काका मैलाच्या दगडावर बसले. पाणी संपलं, तिने पदरातली भाकरी सोडून अर्धी त्यांना दिली, तीही संपली, तरी बसून होते. पाव तास नक्की झाला असेल. घड्याळ मी पाहिलं नाही.

काकांना जाऊन आता सहा वर्षं झाली. सडक डांबरी झाली, एसटी येडशीचं रान बघता बघता ओलांडते. मी काही रेंगाळणाऱ्यांतली बाई नव्हे. पण त्या रानात गाडी घटकाभर थांबली तर बरं, असं दर खेपेला वाटतं. ती थांबत नाही.