यशस्वीरीत्या काढले

"मॅडम, आजही तेच! दाखला निघून राह्यला, पण कागदच येत नाई!"

फोनवर गुल्हाने भाऊ होते. कारंजा घाडगेच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या एका शाळेचे हेडक्लार्क. मी पिपरी मेघेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते, पंधरा वर्षं झाली. लागोपाठ दुसऱ्या दिवशी त्याच तक्रारीसाठी एसटीत बसायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. डोकं असं तापलं होतं की अर्धा चहा तसाच टाकून निघाले.

झालं होतं असं. संस्थेनं शाळेसाठी नवे कॉम्प्युटर घेतले. त्यात लिनक्स होतं. विंडोजसारखीच ही कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली, फक्त फुकट. संचालक मंडळाच्या बैठकीत 'फुकट' हा शब्द उच्चारला गेला आणि पुढची चर्चा झालीच नाही. माझा सगळा जन्म विंडोजवर गेलेला. तिथं सॉफ्टवेअर टाकायचं म्हणजे नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. आमच्या धंद्यातली अर्धी अक्कल या तीन शब्दांत मावते. लिनक्समध्ये सॉफ्टवेअरची एक यादी उघडते. नावापुढे बटण असतं. टाकायचं असेल तर इन्स्टॉल, उडवायचं असेल तर रिमूव्ह. दाबलं की पासवर्ड मागते. एवढं मी व्हिडिओ बघून शिकले होते, आणि शाळेत चेहरा असा ठेवला होता की लिनक्स जणू आमच्याच घरी तयार होतं.

सोमवारी मी दाखले छापायचं सॉफ्टवेअर बसवलं, त्याचं नावच 'दाखला'. जुन्या मशीनवरचा गेल्या वीस वर्षांतल्या विद्यार्थ्यांचा डेटा त्यात उतरवला. यादी उघडून, "हे बघा भाऊ, आलं तुमचं सॉफ्टवेअर," असं गुल्हाने भाऊंना दाखवलं. पासवर्ड त्यांनी चिठ्ठीवर लिहून स्क्रीनलाच चिकटवला. तेवढ्यात मुख्याध्यापक आले.

"मॅडम, हे सारं इंग्रजी काऊन? आपली मायबोली नाई का येत याच्यात?"

येते की. दोन क्लिकमध्ये सगळी बटणं मराठी झाली. मुख्याध्यापकांनी स्टाफरूममधून शिक्षकांना बोलावून स्क्रीन दाखवली. टाळ्या झाल्या. मला सत्काराचा नारळ मिळाला. त्या बटणांवर नेमकं काय लिहून आलंय, ते मी काही वाचलं नाही.

मंगळवारी फोन आला. दाखला निघतो, कागद येत नाही. साहजिकच मी प्रिंटर धरला. टोनर हलवला, रोलर पुसला, टेस्ट पेज झकास आलं. मग एक दाखला छापून बघावा म्हटलं, तर सॉफ्टवेअरच जागेवर नाही! पुन्हा बसवलं. "लाइट गेली असेल, त्यात उडालं," असं ठोकून दिलं आणि दाखला छापून न बघताच परतीची एसटी गाठली. काही कळलं नाही की आम्ही लाइटवर ढकलतो. लाइट उलटून बोलत नाही.

बुधवारी पोचले तेव्हा पावणेतीन झाले होते. ऑफिसच्या खिडकीशी एक बाई उभ्या होत्या. सुमन उईके. अकरा वर्षं अंगणवाडीत मदतनीस होत्या, आणि आता त्यांच्या गावात सेविकेची जागा निघाली होती. बारावी याच शाळेतून झालेल्या. मूळ दाखला हरवला होता, म्हणून दुसरी प्रत हवी होती. अर्ज कारंजाच्या ऑफिसात पाच वाजेपर्यंत द्यायचा होता, आणि आजचा दिवस शेवटचा.

"कालपासून उभी हाये मॅडम," त्या म्हणाल्या. "आज नाई झालं तं जागा दुसरीले जाईन. मंग मी जलमभर मदतनीसच."

मला एकदम वाईट वाटलं. आतापर्यंत राग होता तो प्रिंटरवर, एसटीवर, गुल्हाने भाऊंवर. या बाईंचं काय चाललंय हे काल मी विचारलंही नव्हतं.

सॉफ्टवेअर पुन्हा गायब होतं. या वेळी मी लॉग उघडला. लॉग म्हणजे मशीनची रोजनिशी, कोणी काय केलं ते ती आपणहून लिहून ठेवते. त्यात स्वच्छ नोंद होती. काल आणि आज, दोन्ही दिवशी शाळा उघडल्यावर, ऑफिसचाच पासवर्ड देऊन सॉफ्टवेअर उडवलेलं होतं.

"म्हणजे घातपात!" मुख्याध्यापक खुर्चीतून उठलेच. "चौकशी समिती नेमा लागते. तिघांची. गुल्हाने, खुलासा द्या. लेखी!"

गुल्हाने भाऊंचा चेहरा लाल झाला. "सर, अठ्ठावीस वर्षं झाली मले या खुर्चीवर. मी कायले उडवीन? मी तं या ताईचा दाखला काढून राह्यलो होतो!"

"मॅडम, मी बोलू का?" खिडकीतून सुमनताई म्हणाल्या. "भाऊ ते 'काढा' दाबतात. कालही दाबलं, आजही दाबलं. मले इथून दिसते."

"मंग?" गुल्हाने भाऊ उसळले. "दाखला काढाचाच होता ना बापा! यादीत लिहून आहे 'दाखला', त्याच्यापुढं लिहून आहे 'काढा'. पासवर्ड मांगते, म्हणजे काम पक्कं. पट्टी भरत जाते अन् शेवटी लिहून येते, 'यशस्वीरीत्या काढले'. मी जाऊन प्रिंटरपाशी उभा राह्यतो. कागद येतच नाई!"

अरे देवा! रिमूव्हचं मराठी कोणीतरी 'काढा' करून ठेवलं होतं. शब्दकोशाप्रमाणे बिनचूक. पण आपण दाखला काढतो, झेरॉक्स काढतो, फोटो काढतो. त्यात कोणी काही उडवत नाही. मला हसू फुटणारच होतं.

"त्याच्या खाली 'पूर्णपणे काढा' बी आहे," भाऊ सांगतच होते. "ताईले अर्जंट होतं. म्हटलं, आता तेच दाबून पाहू. तेवढ्यात तुमी आल्या."

हसू तिथंच थिजलं. 'पूर्णपणे काढा' म्हणजे सॉफ्टवेअरसोबत त्याचा डेटाही साफ. वीस वर्षांतली मुलं एका बोटानं गेली असती, त्यात सुमनताईही. जुनं मशीन तर भंगारात गेलेलं. "भाऊ, माउसवरचा हात उचला!" मी अशी ओरडले की मुख्याध्यापकांनीही स्वतःचे हात टेबलावरून उचलले.

पुन्हा बसवलं. मेनूत शोधत शोधत सॉफ्टवेअर उघडलं.

"आँ? हे तं जुन्यासारखंच आहे!" गुल्हाने भाऊ स्क्रीनवर वाकले. "हे इथं होतं का? मले तं तुमी यादीच दाखवली होती."

सुमनताईंनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमी भाऊले उघडून काऊन नाई दाखवलं?"

साधा प्रश्न होता. खरं उत्तर असं, की त्या मेनूत ते कुठं जाऊन बसतं हे मलाच तेव्हा धड माहीत नव्हतं, आणि कोणी विचारायच्या आत मला तिथून सटकायचं होतं. मी सुमनताईंचं नाव टाइप करायला घेतलं.

दाखला छापून आला तेव्हा चार वाजायला आले होते. मुख्याध्यापक समितीवर कोण घ्यावं याची नावं लिहीत होते. "सर, नावं मागून. आधी सही!" मी कागद त्यांच्यापुढे आपटलाच. गुल्हाने भाऊंनी शिक्का मारला, स्कूटर काढली आणि सुमनताईंना मागे बसवून स्वतः कारंजाला घेऊन गेले. साडेचारला त्यांचा फोन आला. "पोच भेटली मॅडम!" मागच्या महिन्यात सुमनताईंनी कळवलं, जागा त्यांना मिळाली.

त्या दिवशी भाऊ कारंजाहून परत येईपर्यंत मी दाखल्याचं सॉफ्टवेअर उघडायचं चित्र स्क्रीनवर समोरच ठेवलं, भाऊंच्या पासवर्डची सॉफ्टवेअर उडवायची ताकद काढून घेतली आणि डेटाची एक प्रत पेन ड्राइव्हवर करून कपाटात टाकली. समिती नंतर बसलीच. तिचा निष्कर्ष 'तांत्रिक बिघाड'.

आता मी कुठंही काही बसवलं की समोरच्याला स्वतः उघडायला लावते, स्वतःचे हात मागे बांधते, आणि तो पाच वेळा चुकेपर्यंत हलत नाही. धंद्याला हे परवडत नाही.

त्या दिवशी निघताना कामाचा फॉर्म भरायचा होता. 'बिघाडाचं कारण' या रकान्यात आम्ही लोक डोळे मिटून 'युजर एरर' लिहितो, म्हणजे वापरणाऱ्याची चूक. हात सवयीनं तेच लिहून गेला. खाली 'युजरचं नाव' असा रकाना होता. तिथं मी माझं नाव लिहिलं. गुल्हाने भाऊंनी ते दोनदा वाचलं, शाळेचा शिक्का मारला, आणि म्हणाले, "याची एक झेरॉक्स काढून ठेवतो."