घासलेट कंपनीचे वाटे

नोकरी सुटून पुष्कळ वर्षे झाली, पण पडद्यातून बाहेर आलेले ते पाच हात मला अजूनही डोळ्यांपुढे दिसतात. नाव मी कोणाचंच लिहीत नाही. त्या घरांत आता सुना-नातसुना नांदत आहेत.

महाराजांच्या राजवटीतली ही गोष्ट. कोल्हापूरच्या पोलीस ठाण्यात माझी नेमणूक बायकांच्या झडतीसाठी होती. मराठी चौथी झाले होते, म्हणून बायकांची जबानी लिहून घेण्याचं कामही माझ्याकडे यायचं. मोठ्या घरांतल्या बायका गोशात असत, परपुरुषासमोर येत नसत. अशा घरी चौकशी निघाली की मला पाठवत. मी बुजरी. ठाण्यात चार माणसांत माझा आवाज फुटायचा नाही. पडद्याआड गेले की मात्र नीट बोलता यायचं, कारण तिथं सगळ्याच हळू बोलत.

एका सकाळी सरदारांच्या एका घरातली मोलकरीण माझ्या दारात आली. पदराखालून तिनं एक रंगीत कागद काढला.

"वैनीसाहेबांनी इचारलंया, ह्ये खरं हाय का बघा. आन् कुणाला बोलायचं न्हाय."

कागदावर आगबोटीचं चित्र, इंग्रजी अक्षरं आणि खाली लाखेचे दोन लाल शिक्के. मला इंग्रजी येत नव्हतं. मी मागच्या दारानं वैनीसाहेबांकडे गेले.

त्यांनी सांगितलं ते असं. पंधरा दिवसांपूर्वी पडद्याच्या गाडीतून एक बाईसाहेब आल्या. दूरच्या एका संस्थानातल्या म्हणे. त्या म्हणाल्या, "जगातली सगळ्यांत मोलाची कंपनी कुठली ठाऊक आहे का? अमेरिकेत आहे. तुमच्या कंदिलात जळतं ते घासलेट तिचंच. त्या कंपनीचे वाटे कोणालाही घेता येतात. एक वाटा घ्या. मग दिवेलागणीला चीनपासून कोल्हापूरपर्यंत जेवढे दिवे लागतील, त्या प्रत्येकात तुमचा हिस्सा."

वैनीसाहेबांनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या होत्या. शेजारपाजारच्या घरांतही कोणी कोणी काय काय दिलं होतं. आणि आता ती बाई गाव सोडायच्या बेतात आहे, असं कानावर आलं होतं.

"ह्यांना कळलं तर मला म्हायेरी धाडतील," वैनीसाहेब म्हणाल्या. "माझं नाव घिऊ नका."

मी शब्द दिला आणि कागद घेऊन ठाण्यात गेले. आमचे फौजदारसाहेब इंग्रजी शिकलेले होते. त्यांनी कागद वाचला आणि ते इतके हसले की पहाऱ्यावरचा शिपाई आत डोकावला.

"बाई, ह्यात काय लिवलंय सांगू? 'पेटी उन्हात ठेवू नये. विस्तवापासून लांब.' घासलेटच्या पेटीवर डकवायचं लेबल हाय ह्ये!"

"त्यांनी ते देव्हाऱ्यात समईला टेकून ठेवलं होतं, साहेब," मी म्हणाले.

साहेबांचं हसू थांबलं. "कुणी?"

"ते सांगता येत नाही."

"मग फिर्याद कोण देणार? तुम्ही? त्या बाईला घरोघर फिरवलं कुणी, ते तरी सांगा."

इथं माझी चूक झाली. मोलकरणीच्या बोलण्यात आलं होतं की गाडीबरोबर आमची बांगडीवाली चाची चालत होती. ते माझ्या तोंडून निसटलं. घटकाभरात चाची ठाण्यात उभी.

चाचीला सगळा गाव ओळखत होता. पन्नाशीची, ठेंगणी, मणेराच्या घरातली. तिच्या सासूनं आणि तिनं मिळून कोल्हापुरातल्या तीन पिढ्यांना काकणं भरली होती. जिथं शिपाई पाय ठेवू शकत नाही तिथं तिची टोपली जायची. चोराची साथीदार म्हणून एकदा ती कोठडीत गेली असती तर एकाही घराचा दरवाजा तिला पुन्हा उघडला नसता, आणि तिच्यापाशी दुसरा धंदा नव्हता.

"तुझा वाटा किती, सांग!" साहेबांनी टेबलावर हात आपटला.

"वाटा व्हय? ह्यो बघा की!" तिनं कमरेच्या पिशवीतून कागद काढला. तीच आगबोट, तेच शिक्के. "माझं चांदीचं तोडं दिलं ह्याच्यापायी."

"सोंग करू नगंस. तोंड कसं हाय त्या बाईचं?"

"न्हाय बघितलं. ती आत जायाची, मी दारात बसायची."

"मग वळखणार कशी?"

"हात वळखीन की! गाडीच्या पडद्यातनं काकणं भरल्यात मी तिला. साहेब, जनमभर हातच बघत आले. तुमच्या गावातल्या सुनांची तोंडं मला ठावं न्हाईत, पर हात सगळ्यांचं ठावं हायती."

"उद्या मॅजिस्ट्रेटसाहेबांना सांग ह्ये," असं म्हणून त्यांनी तिला कोठडीत घातलं.

झडती मीच घेतली. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "माझं नाव तू सांगितलंस व्हय गं पोरी?"

वैनीसाहेबांचं धरून वाटे घेतलेली पाच घरं मी फिरले. एकीनं तरी पडद्याआडून सांगावं की चाची दारात बसली होती, आत काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं, एवढंच मागत होते. पाचही ठिकाणी एकच जबाब मिळाला: "आमच्याकडं कोण आलंच न्हाय." वैनीसाहेबांनी तर नजरही वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी चाचीला कोर्टात नेण्याची तयारी चालली होती, तेवढ्यात स्टेशनावर नजर ठेवायला बसवलेला शिपाई धावत आला. दुपारच्या मिरजेच्या गाडीसाठी एक पडद्याची बैलगाडी येऊन थांबली होती.

साहेबांनी टांगा मागवला. ते पायरी उतरत होते आणि मी ओरडले, हो, ओरडलेच, "साहेब, चाचीला बरोबर घ्या!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेबांनी बेड्या सोडायला सांगितल्या.

स्टेशनात पोहोचलो तेव्हा गाडी सुटायला अर्धा तासच उरला होता. बैलगाडीपाशी फेटेवाला कारभारी उभा होता. तो मोठ्यानं म्हणाला, "आमच्या बाईसाहेब गोशात हायत. पडद्याला हात लावाल तर थेट महाराजांच्या कानावर घालीन."

साहेब जागच्या जागी थांबले. त्यांचंही बरोबर होतं. बाई खरी सरदारीण निघाली असती तर त्यांची नोकरी गेली असती. मी जवळ जाऊन हळूच म्हणाले, "तोंड नको, साहेब. हात दाखवायला सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे तोंड करून अदबीनं म्हणाले, "बाईसाहेब, गोशा मोडायचा न्हाय. निस्ता हात दावा आन् खुशाल गाडीत बसा."

आतून हसण्याचा आवाज आला. "हातच ना? घ्या की."

तिला वाटलं असणार की हातावरून कोण कोणाला ओळखतं.

बायकांच्या खोलीच्या दारात मी चादर बांधली. बाईसाहेबांना आत नेलं. गाडीची वाट बघणाऱ्या आणखी चौघी गोळा केल्या: शिरोळकडची एक शेतकरीण, इचलकरंजीची साळीण, भाजीवाली आणि स्टेशनमास्तरांच्या पत्नी. सुवासिनींनी काकणं उतरवायची कशी? म्हणून मनगटावर मी फडकी गुंडाळली. कोणाचं सोनं आणि कोणाची काच, कळायला नको. स्टेशनमास्तर आणि एक गुळाचे व्यापारी पंच झाले.

"माझं डोळं बांधा," चाची आपणहून म्हणाली. "मागनं म्हणाल बघून सांगितलं."

पाच हात बाहेर आले. चाचीनं पहिला धरला, तळवा मुडपला.

"उसाच्या पाल्यानं कापलेला हात ह्यो. दुसऱ्या मुलखाची न्हाय ही, नदीकाठची हाय."

"व्हय गं बया!" चादरीमागून आवाज आला आणि सगळ्या हसल्या.

"ही सूत जोडणारी. बोटाच्या पेरावर घट्टा हाय." दुसरा हात तिनं सोडला. तिसऱ्यावर म्हणाली, "मऊ हाय, पर लाटणं रोजचं. न्हवरा जेवायला कटकट्या दिसतोय." स्टेशनमास्तर खाली बघायला लागले.

चाचीनं चौथा हात धरला. तिनं अंगठ्याचं मूळ दाबलं, पुन्हा दाबलं. व्यापाऱ्यांनी पान चघळणं थांबवलं. इंजिनाची वाफ तेवढी ऐकू येत होती.

"हीच. अंगठ्याचं हाड दबत न्हाय हिचं. त्या दिशी घालताना दोन काकणं वाढली, काच घुसली. करंगळीच्या मुळाशी आडवी खूण आसंल, बघा."

मी वाकून पाहिलं. केसासारखी बारीक लाल रेघ होती, खपली नुकती पडलेली. हात मागे जाऊ लागला. चाचीनं सोडला नाही.

"थांबा की बाईसाहेब! माझ्या तोड्याचं काय केलंत?"

तेवढ्यात कारभारी रुळांवरून पळाला. पण आमचा शिपाई तालमीतला होता. त्यानं पन्नास पावलांत गाठून त्याला आडवा केला, आणि डब्यांतल्या लोकांनी कुस्ती जिंकल्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

साहेबांनी झडतीचा हुकूम दिला. मी एकटी चादरीआड गेले. बाई माझ्याहून लहान होती, साधीच, डोळे चलाख. मी वळकटी सोडायला लागले तर कुजबुजली, "तुम्हालाही एक वाटा देते. फुकट."

वळकटीत लेबलांची गुंडाळी निघाली. लोणच्याच्या बरणीत हात घातला तर तळाशी तेलकट फडकं लागलं, आणि त्यात पाटल्या, बोरमाळ, नथी, चांदीचे तोडे. पंचांसमोर मसाला धुऊन एकेक दागिना मांडला. हाताची आग दोन दिवस गेली नाही, पण मला त्याचं काहीच वाटलं नाही. साहेबांनी तिथंच, सगळ्यांच्या देखत, चाचीला हात जोडले.

या खटल्यानं मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, साक्षीदार गप्प बसला म्हणून तो खोटा असतो असं नाही. त्याला आब राखून बोलता येईल अशी जागा आपण करून द्यायची असते. दुसरी, फसलेल्या माणसाला आधी हसू नये. त्या बायका हावरट नव्हत्या. ज्यांना दाराबाहेरचा रस्ता दिसत नव्हता, त्यांना जगातल्या सगळ्यांत मोठ्या वस्तूत आपला एवढासा तुकडा हवा होता. हे नुसतं लेबल वाचून समजलं नसतं.

दागिने घरी जाऊन, पडद्याआड ओळख पटवून परत करायला कोर्टानं मला परवानगी दिली. चाचीला मी सोबत घेतलं. वैनीसाहेबांनी पाटल्या घेतल्या, पण हातात घातल्या नाहीत. त्या चाचीसमोर येऊन बसल्या.

"चाची, मी त्या दिशी बोलले न्हाय. तुला आत ठिवलं तरी बोलले न्हाय."

"बोलला असता तर तुम्ही म्हायेरी गेला असता," चाची म्हणाली. "द्या हात इकडं. काकणं जुनी झाल्यात."

तिनं टोपली उघडली, हिरवी काकणं निवडली आणि एकेक सरकवत विचारलं, "पर वैनीसाब, कागद खोटं होतं. कंपनी तर खरी हाय न्हवं?"

"खरी हाय म्हणत्यात," वैनीसाहेब म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "मग बाई, तिचा खरा वाटा कुठं मिळतो?"

दोघी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"साहेबांना विचारून येते," मी म्हणाले, आणि चपला घालून तशीच ठाण्याकडे निघाले.