ज्युरर नंबर सातला पुन्हा विचारणारे जज

माझे जज गेले.

मुलीचा फोन आला. "आई, युअर जज डाइड. आत्ताच ऑनलाइन वाचलं."
मी "बरं" म्हटलं आणि ड्रायरमधले कपडे काढायला गेले.
कपडे ओलेच. ड्रायर लावलाच नव्हता.

रडू येत नाहीये. म्हणून लिहितेय.

ऐंशीच्या दशकात आम्ही वेस्ट विंडसरला राहायचो. मला सिटिझनशिप मिळून वर्षही झालं नव्हतं, आणि फेडरल कोर्टातून ज्युरी ड्यूटीचं पत्र आलं: खटला ऐकून निकाल द्यायला या.

एका पोस्टमनवर टपालातली पाकिटं चोरल्याचा आरोप होता. चोरी पाहणारा साक्षीदार एकच. त्याचं आणि पोस्टमनचं जुनं भांडण.

आम्ही बारा जण. निकाल एकमतानेच द्यायचा. शुक्रवारी दुपारपर्यंत अकरा जण गिल्टीवर आले. मला खात्री वाटत नव्हती.
शेजारची बाई म्हणाली, "हनी, आम्हाला घरी जायचंय गं."
मी पण हात वर केला.

कोर्टात निकाल वाचला. मग पोस्टमनच्या वकिलाने मागणी केली, म्हणून जज एकेकाला विचारायला लागले, "हा तुमचा निकाल आहे?"
सहा जण येस म्हणाले.
सातवी मी. तोंडून शब्द फुटेना.

मागे कोणीतरी सुस्कारा टाकला. जजनी हातातलं पेन खाली ठेवलं.
"मॅडम, घाई नाही. हा तुमचा निकाल आहे का?"
"नो, युअर ऑनर."

पोस्टमनची बायको मोठ्याने रडायला लागली.

जजनी आम्हाला परत आत पाठवलं. सोमवारीही एकमत झालं नाही. खटला रद्द. सरकारने तो पुन्हा चालवला नाही. तो माणूस घरी गेला.
लिफ्टमध्ये माझ्याशी कोणी बोललं नाही.

दोन-तीन वर्षांनी ह्यांच्या सिटिझनशिपची शपथ होती. शपथ द्यायला तेच जज! नंतर सगळ्यांशी हात मिळवत माझ्यापर्यंत आले.
"नंबर सात, राइट?"
मी धीर करून विचारलं, "तेव्हा माझं बरोबर होतं का?"
"मला तो गिल्टी वाटला होता. अजूनही वाटतो."


"मग मला परत का विचारलंत? तुम्ही नुसतं रागावून बघितलं असतंत ना, तरी मी येस म्हटलं असतं."
"म्हणूनच रागावून बघितलं नाही."

आज ऑबिच्युअरी वाचली. जजचे वडील बूट दुरुस्त करायचे. ते स्वतः आधी सरकारी वकील, मग जज. फेडरल जजची नेमणूक तहहयात असते. नव्वदीला आले तरी काठी टेकत कोर्टात जायचे म्हणे.
मोठमोठ्या केसेसची नावं आहेत. आमची नाही. असायचं कारणही नाही.

तो पोस्टमन खरंच निर्दोष होता का, मला आजही माहीत नाही.
ज्यांच्याशी हे बोलता आलं असतं, ते हेच एक होते.

जज, इथूनच नमस्कार करते.
शांतपणे जा.