डाव्या मागच्या दाराचं कुंकू

रविवार, ९ नोव्हेंबर, सकाळचे साडेआठ. हजर: मी, नवरा, सासूबाई आणि अठरा दिवसांची पांढरी गाडी. गैरहजर: मुलगी, ती पुण्याला नोकरीच्या गावी. ठिकाण: पनवेलमधल्या आमच्या सोसायटीचं पार्किंग. काम: गाडी पहिल्यांदा नीट धुणे.

तोवर आम्ही तिच्यावर नुसतं पाणी मारत होतो. दिवाळीच्या पाडव्याला गाडी आणली तेव्हा आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, चारही दारांना कुंकू लावलं होतं आणि ते घासून काढायचं नाही, आपोआप जाऊ द्यायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. आईंचं माहेर उरणकडचं, मिठागरवाल्यांचं घर. तिथे दसऱ्याला अवजारांना कुंकू लावत ते जिथे माणसाचा हात पडतो तिथे. फावड्याच्या दांड्याला, कोयत्याच्या मुठीला. शोरूममधली मुलगी त्यांना म्हणाली होती, "आजी, बॉनेटवर लावतात." आई म्हणाल्या, "बॉनेटला कोन हात लावतो ग? दाराला लावतात." आणि त्यांनी ताम्हनातल्या ओल्या कुंकवात तीन बोटं बुडवून प्रत्येक दाराच्या मुठीखाली एकेकदा ओढली.

अठरा दिवसांत ते बरंचसं गेलं होतं. राहिलेलं मी त्या रविवारी आईंना विचारून ओल्या फडक्याने पुसायला घेतलं. पुढचं उजवं दार, साफ. मागचं उजवं, साफ. पुढचं डावं, साफ. मागच्या डाव्या दारावर तीन गुलाबी रेघा तशाच राहिल्या. शाम्पू लावला, पुन्हा पुसलं. रेघा हलेनात. नखाने पाहिलं तर त्या रंगाच्या वर नव्हत्याच, आत उतरल्या होत्या.

नवरा म्हणाला, एवढासा डाग, त्या बाजूला कोण बघतंय, जाऊ दे. मी जाऊ दिलं नाही. तिरकं बसून उन्हात पाहिलं तेव्हा बाकी तीन दारांवर समोरच्या इमारतीची खिडकी सरळ दिसत होती आणि या दारावर ती खिडकी थरथरल्यासारखी दिसत होती. संत्र्याच्या सालीसारखी बारीक खरबरीत. मी नवऱ्याला खाली बसवून दाखवलं. तो गुडघ्यावर हात ठेवून उठला आणि म्हणाला, "आता तू गाडीचंही इन्स्पेक्शन काढणार."

त्याच्या टोमण्याला कारण आहे. मी तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. गेली बावीस वर्षं माझं काम एकच: आलेला माल उघडायचा, मोजायचा, खरचटलाय का बघायचा आणि मगच सही करायची. ट्रकवाले मला कंटाळतात. घरीही किराण्याची यादी मी आडव्या-उभ्या रेघा मारून करते. पाडव्याच्या दिवशीही मी घरून छत्तीस मुद्द्यांची यादी लिहून नेली होती. स्टेपनी, जॅक, दोन्ही किल्ल्या, टायरवरचा बनावटीचा महिना, काचांवरचे नंबर. बाहेरचा रंग हा सव्विसावा मुद्दा होता.

त्या दिवशी शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दर पंधरा मिनिटांनी एक गाडी बाहेर पडत होती, एका गाडीवरचा सॅटिनचा पडदा ओढला की तोच पुढच्या गाडीवर टाकत होते. आम्ही पंचवीस मुद्द्यांपर्यंत आलो आणि आईंनी हाक मारली, मुहूर्त चाललाय, निरांजन विझेल. शोरूमच्या मुलीने त्यांचा छापील कागद पुढे केला. त्यात एक ओळ होती, गाडीचा बाहेरील रंग ग्राहकाने तपासला व योग्य आढळला. मी त्यावर बरोबरची खूण केली आणि सही केली. न बघता. डावी बाजू तर भिंतीला लागून होती, तिकडे मी गेलेच नव्हते. आई मात्र कुंकू लावायला अंग चोरून तिथे शिरल्या होत्या.

हे मला त्या रविवारी पार्किंगमध्येच आठवलं आणि राग आला. आधी स्वतःचा, मग त्यांचा. मी तिथूनच शोरूमच्या सर्व्हिस मॅनेजरला फोन लावला. हात ओले होते म्हणून स्पीकरवर ठेवला. इथे माझी दुसरी चूक झाली.

मी त्याला काय झालं ते सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, कुंकू किती दिवस होतं ते विचारलं, आणि म्हणाला, "मॅडम, अठरा दिवस ठेवलं तर कुठल्याही गाडीला डाग पडणारच. कुंकवात केमिकल असतं. आजींनी हौसेनं लावलं, पण गाडी त्यांनीच खराब केली ना. त्याला आम्ही काय करणार?"

आई दोन हात अंतरावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. मी फोन बंद केला. त्या उठल्या, दाराजवळ आल्या, त्या तीन रेघांवरून अंगठा फिरवला. मी म्हटलं, आई, तसं काही नाही, तो अंग झटकतोय. त्या म्हणाल्या, "नाय ग बाय. माजाच हात लागला. नव्या वस्तूला मी डाग लावला." आणि लिफ्टकडे गेल्या.

ही गाडी आम्ही घेतली ती मुख्यतः आईंसाठी. त्यांचा मोठा भाऊ उरणला अंथरुणावर आहे. पंधरा दिवसांतून एकदा तरी त्यांना तिकडे जायचं असतं आणि गुडघ्यांमुळे एस.टी.ची पायरी त्यांना चढवत नाही. पाडव्यानंतर आम्ही एकदा जाऊनही आलो होतो. त्या फोननंतरच्या रविवारी मी गाडीची किल्ली घेऊन उभी राहिले तर आई म्हणाल्या, आज नको. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाल्या, "यष्टी हाय ना." त्याच आठवड्यात मुलीने पुण्याहून नवीन मिक्सर पाठवला. आमच्या घरात नवीन वस्तूला पहिलं कुंकू आईंचं. त्यांनी करंडा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, तू लाव.

मी वाद घातला. स्टोअरमध्ये घालते तसाच घातला. एकच कुंकू, एकच हात, एकच दिवस, एकच ऊन, पुसायला एकच फडकं. तीन दारं साफ निघाली आणि चौथं नाही. मग फरक कशात आहे? दारात. आईंनी सगळं ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, तू माझ्यासाठी बोलतेस ते मला कळतं. नवऱ्याने सांगून पाहिलं तर त्याला म्हणाल्या, बायकोने पढवलंय. घरच्या माणसाचं म्हणणं म्हणजे समजूत, आणि तो बाहेरचा माणूस, शिकलेला, गाड्यांतला, त्याने म्हटलं म्हणजे खरं.

म्हणून पुरावा गोळा करायला घेतला. उरण नाक्याच्या पुढे एक डेंटिंग-पेंटिंगवाले मिस्त्री आहेत, आमची जुनी गाडी त्यांच्याकडे जायची. साठीचे, पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड चष्मा. मी काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, चारही दारं बघा. त्यांनी बोटाच्या पेराने चारही दारांवर टकटक केली. मग मागचं डावं दार उघडलं, कडेचं काळं रबर दोन बोटांनी उलटं केलं आणि मला बोलावलं. रबराच्या आतल्या घडीवर पांढऱ्या रंगाचे बारीक शिंतोडे होते, रांगोळीची चिमूट उडाल्यासारखे. दाराच्या आतल्या कडेला रंगाची एक उभी रेघ नखाला लागत होती. तिथे चिकटपट्टी लावली होती, ती ओढून काढल्यावर अशी धार राहते, असं त्यांनी समजावलं.

"ताई, कंपनीत आधी रंग होतो, रबर मागाहून बसतं," ते म्हणाले. "रबरावर रंग उडाला म्हणजे गाडी पूर्ण झाल्यावर कोणीतरी इथे हात मारलाय. आणि घाईत मारलाय. कच्च्या रंगावर कुंकू काय, हळदसुद्धा उतरेल."

मी विचारलं, आणि पक्क्या रंगावर? ते हसले. म्हणाले, माझ्याकडे लग्नाच्या गाड्या येतात, पाठीवर हळदीचे पंजे घेऊन, सगळे निघतात. मग त्यांनी रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र आणलं. तीन दारांवर जवळपास सारखाच आकडा, या दारावर त्याच्या तिपटीहून जास्त. मी प्रत्येक आकड्याचा फोटो काढला, रबराचा काढला, त्या धारेचा काढला. बरं वाटलं असं म्हणता येणार नाही. मी नवीन म्हणून घेतलेली गाडी कुठेतरी, कुणीतरी ठोकलेली होती आणि ते झाकून, वर पडदा टाकून, मला दिली होती.

पुढच्या शनिवारी फोटोंची फाइल घेऊन शोरूमला गेले. नवरा बरोबर होता. मी चढ्या आवाजात बोलू नये, एवढीच त्याची जबाबदारी. फोनवरचा तोच मॅनेजर, तिशीतला, नीटनेटका, प्रत्येक वाक्यात मॅडम. आधी त्याने माझाच कागद पुढे केला, बाहेरील रंग योग्य, खाली माझी सही. मी म्हटलं, सही माझी आहे, चूक माझी आहे, ती मी नाकारत नाही. आता रबर उलटून बघा.

त्याने बघितलं. मग आत जाऊन कुणाशी तरी बोलून आला. वीस मिनिटं लागली. परत आला तेव्हा त्याच्याकडे एक नवा शब्द होता: टच-अप. यार्डात गाड्या लावताना बाजूच्या गाडीचा आरसा घासला होता, तर छोटासा टच-अप केलाय, मॅडम, तो तर सगळीकडेच करतात. मी विचारलं, टच-अप म्हणजे ब्रशने ठिपका लावतात तो ना? तो म्हणाला, तसंच. मी म्हटलं, मग अख्ख्या दाराची जाडी तिप्पट कशी? तेव्हा नवऱ्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "दार पूर्ण रंगवलंय आणि आम्हाला सांगितलं नाही, एवढं मराठीत म्हणा की."

त्याने म्हटलं नाही, पण दार पुन्हा फुकट रंगवून द्यायला तो तयार झाला. वर सीट कव्हर आणि मॅट देतो म्हणाला. मी माझी यादी काढली. एक, दार पूर्ण रंगवलं होतं आणि ग्राहकाला सांगितलं नव्हतं, हे लेखी. दोन, त्या दाराच्या रंगाची वॉरंटी वेगळी, लेखी. तीन, पुन्हा रंगवण्याआधी आणि नंतर जाडी मोजून कागदावर. सीट कव्हर नको, मॅट आहेत. या तीन गोष्टींसाठी अकरा दिवस, चार ईमेल आणि आणखी एक फेरी लागली. पहिल्या पत्रात त्याने पुन्हा टच-अपच लिहिलं होतं, ते मी परत पाठवलं. दुसऱ्यात पूर्ण दार आलं, पण न सांगितल्याचं आलं नाही. तिसऱ्यात आलं.

चौथी गोष्ट मी तोंडी सांगितली होती. तुम्ही आमच्या आईंना फोन करून सांगा की डाग त्यांच्या कुंकवामुळे नाही, आमच्या कच्च्या रंगामुळे पडला. तो म्हणाला, मॅडम, ते तुम्हीच सांगा ना, पत्र दिलंय की. मी म्हटलं, मी सांगितलेलं त्यांना पटत नाही. तुम्ही बोललात, तुम्हीच परत घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. तो म्हणाला, करतो.

पत्र मी आईंना वाचून दाखवलं. ते इंग्रजीत आहे. मी मराठीत सांगत गेले आणि मलाच ऐकू येत होतं की मी सांगतेय ते समजूत घातल्यासारखं वाटतंय. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला, माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, जपून ठेव.

तो करतो म्हणाला त्याला आता तीन आठवडे झाले. मी दर सोमवारी आणि गुरुवारी आठवण करते. एकदा मीटिंग होती, एकदा साहेब आले होते, एकदा आईंचा नंबर हरवला, मी पुन्हा पाठवला. दार रंगवायला गाडी सोडा, असे त्यांचे मेसेज मात्र वेळेवर येतात. गाडी मी सोडलेली नाही. रेघा गेल्या की तो मुळीच फोन करणार नाही, हे मला बावीस वर्षांत ट्रकवाल्यांनी शिकवलंय.

काल आईंच्या भावाकडून निरोप आला, ते बहिणीची वाट बघतायत.

तेव्हा असं ठरवलंय की येत्या शनिवारी आईंनाच शोरूममध्ये न्यायचं, त्याच्या टेबलासमोर बसवायचं आणि त्याला त्यांच्या तोंडावर बोलायला लावायचं. शनिवारी तो असतो, याची चौकशी केली. फाइल तयार आहे. नवऱ्याने अर्धा दिवस सुट्टी टाकली आहे. आईंना मात्र अजून विचारलेलं नाही.